बोक्यासाठी ग्लुकोमीटर निवडताना

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एक तरी ग्लुकोमीटर असतो. आजीच्या औषधांच्या डब्यात, नाहीतर टीव्हीच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. मल्टिमीटर आपण फक्त लॅबमध्ये हातात घेतो, व्हर्नियर कॅलिपर व्हायव्हापुरता. पण ग्लुकोमीटर हे असं मेजरिंग इन्स्ट्रुमेंट आहे की जे सातवी शिकलेली आजीसुद्धा रोज सकाळी न चुकता वापरते आणि त्याच्या आकड्यावर त्या दिवशीचा चहा गोड की फिका ते ठरवते. मग हाच मीटर मांजरासाठी वापरला तर चालेल का?

प्रश्न विनोदी वाटेल. मांजराला डायबिटीस होतो हे ऐकूनच निम्मे लोक हसतात. पण होतो, आणि माणसाच्या टाइप टू डायबिटीसशी तो बराच मिळताजुळता असतो. वय झालेले, वजन वाढलेले, नसबंदी केलेले बोके जास्त सापडतात. पाणी खूप पिणं, लघवी खूप होणं, पोटभर खाऊनही वाळत जाणं ही लक्षणं. काही मांजरं तर मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालायला लागतात, कारण साखरेमुळे पायाच्या नसा दुबळ्या होतात. मेसच्या मागे राहणारा आपला 'सरपंच' असाच चालायला लागला तेव्हा त्याचा पाय मुरगळला असेल असं सगळ्यांना वाटलं होतं. डॉक्टर मॅडमनी रक्त आणि लघवी दोन्ही तपासून डायबिटीस सांगितला, दिवसातून दोन वेळा इन्सुलिन लिहून दिलं, आणि घरच्या घरी साखर मोजत जा म्हणाल्या. 'घरच्या घरी' म्हणजे आपल्याकडे बी ब्लॉकचा व्हरांडा.

साखर दवाखान्यातच का मोजायची नाही? कारण मांजर घाबरलं की त्याची साखर चढते. पिशवीत कोंबून, रिक्षातून, कुत्र्यांच्या भुंकण्यात नेलेल्या धडधाकट मांजराची साखरसुद्धा ३०० च्या वर जाऊ शकते. एरवी मांजराची साखर साधारण ७० ते १५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. म्हणजे टेबलावर मिळालेल्या आकड्यात डायबिटीस किती आणि भीती किती हे वेगळं करता येत नाही. इन्स्ट्रुमेंटेशनच्या भाषेत सांगायचं तर इथे मोजणी मोजल्या जाणाऱ्या गोष्टीलाच बदलून टाकते. डायबिटीस पक्का करायला डॉक्टर फ्रुक्टोसामीन नावाची तपासणी करतात, ती मागच्या दोनेक आठवड्यांची सरासरी सांगते. पण आजचा डोस द्यायचा की नाही हे सरासरीवरून ठरत नाही. तिथे मीटरच लागतो.

आणि चूक झाली तर? साखर थोडी चढी राहिली तर काही दिवस निभावतं. इन्सुलिन जास्त होऊन साखर खाली गेली तर मात्र तासा-दोन तासांचा खेळ असतो. मांजर लडखडतं, थरथरतं, आकडी येते, जीवही जातो. चार-साडेचार किलोचा प्राणी आणि सुरुवातीचा डोस एका वेळेला एखादं युनिट. त्यात अर्धं युनिट इकडे-तिकडे म्हणजे निम्मा डोस.

स्ट्रिपमध्ये काय चालतं

मीटर निवडायचा तर तो नेमकं काय मोजतो हे कळायला हवं. १९६२ साली अमेरिकेत लेलंड क्लार्क यांनी एन्झाइम इलेक्ट्रोडची कल्पना मांडली: ऑक्सिजन मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाच्या एन्झाइमचा थर द्यायचा, ग्लुकोज जळताना ऑक्सिजन किती खर्च झाला ते बघायचं. १९६५ च्या सुमारास रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या आल्या. रंग डब्यावरच्या तक्त्याशी जुळवायचा, आपल्या पीएच पेपरसारखा. १९७० मध्ये तो रंग वाचणारं पहिलं यंत्र अँटन क्लेमेन्स यांनी बनवलं. ते किलोभराहून जड होतं. १९८७ मध्ये पेनाएवढा इलेक्ट्रोकेमिकल मीटर बाजारात आला, आणि आज औषधाच्या दुकानात मिळणारे बहुतेक मीटर त्याच घराण्यातले आहेत.

त्यांच्या स्ट्रिपमध्ये एन्झाइम आणि एक मीडिएटर वाळवून लावलेला असतो. रक्ताचा थेंब केशाकर्षणाने आत ओढला जातो, एन्झाइम ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं, मीडिएटर ते इलेक्ट्रोडपर्यंत पोचवतो, आणि मायक्रोअँपिअरमध्ये करंट वाहतो. केमिस्ट्रीत शिकलेलं कॉट्रेल समीकरण आठवा: करंट हा कॉन्सन्ट्रेशनच्या समप्रमाणात आणि वेळेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. म्हणून मीटर ठरावीक सेकंद थांबतो, त्या क्षणाचा करंट घेतो आणि आतल्या कॅलिब्रेशनच्या तक्त्यात बघून आकडा दाखवतो.

थोडक्यात, स्क्रीनवर '१८२' दिसतं तेव्हा मीटरने १८२ मोजलेले नसतात. त्याने करंट मोजलेला असतो, आणि "एवढा करंट म्हणजे एवढी साखर" हे कारखान्यात कुणीतरी माणसांचं रक्त घेऊन ठरवलेलं असतं. आपली सगळी अडचण या एका वाक्यात आहे.

माणसाच्या रक्तातलं ग्लुकोज फक्त प्लाझ्मात नसतं. सर्वसाधारण आकडा सांगितला जातो तो असा की, ५८ टक्के प्लाझ्मात आणि ४२ टक्के लाल पेशींत. मांजरात हेच प्रमाण ९३ आणि ७ असं आहे, कुत्र्यात ८७.५ आणि १२.५. आपल्या लाल पेशींवर ग्लुकोज आत घेणारं ग्लूट-१ नावाचं प्रोटीन भरपूर असतं, मांजराच्या पेशींवर तसं नसतं. (यातली एक गंमत: २००८ मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवलं की लाल पेशींवर हे प्रोटीन भरपूर असणारे सस्तन प्राणी म्हणजे शरीरात व्हिटॅमिन सी बनवू न शकणारे. माणूस, माकडं, गिनिपिग वगैरे. मांजर आपलं व्हिटॅमिन सी स्वतः बनवतं, त्याला लिंबाची गरज नाही.) आता माणसाचा मीटर मांजराच्या रक्ताला लावला की तो आपल्या तक्त्याप्रमाणे लाल पेशींचाही वाटा गृहीत धरतो, आणि तो वाटा तिथे जवळजवळ नसतो. म्हणून माणसांचे मीटर मांजराची साखर साधारणपणे खऱ्यापेक्षा कमी दाखवतात.

किती कमी? इथे आपला इंजिनीअरचा हात लगेच कॅल्क्युलेटरकडे जातो: एक गुणक काढू, प्रत्येक रीडिंगला १.२५ ने गुणू, झालं काम. तसं होत नाही. फरक मीटरप्रमाणे बदलतो, साखर चढी असताना जास्त आणि उतरती असताना कमी असतो, शिवाय रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणाप्रमाणे, म्हणजे हिमॅटोक्रिटप्रमाणेही बदलतो. माणसात हिमॅटोक्रिट साधारण ४० ते ५० टक्के, मांजरात ३० ते ४५. हिमॅटोक्रिट कमी असेल तर बहुतेक मीटर साखर जास्त दाखवतात. म्हाताऱ्या मांजरांना किडनीचा आजार आणि त्यातून रक्त कमी होणं नेहमीचं. अशा मांजराची साखर खरोखर उतरलेली असताना मीटर "सगळं ठीक" म्हणण्याची शक्यता असते, आणि ही चुकीची दिशा सगळ्यात वाईट. म्हणून मीटर घेण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारा की हिमॅटोक्रिट किती आलं. तो आकडा रक्ताच्या साध्या रिपोर्टमध्ये असतोच.

ॲक्युरसी आणि प्रिसिजन

सेकंड इयरला नेमबाजीच्या वर्तुळांचं चित्र काढून आपण चार मार्क मिळवलेले असतात. इथे ते चित्र पुन्हा काढा. समजा 'अ' मीटर नेहमी सुमारे पाव हिस्सा कमी दाखवतो, पण एकाच थेंबाला तीनदा लावला तर २१०, २१४, २०८ असा आकडा देतो. 'ब' मीटरची सरासरी बरोबर येते, पण तीन वेळा लावला तर २४०, ३३०, २७५. दुकानदार 'ब' विकेल, कारण सरासरी बरोबर. आपण 'अ' घ्यावा. खाली झुकलेला पण स्थिर मीटर समजून घेता येतो. डॉक्टर त्याच्या आकड्यांसाठी वेगळ्या मर्यादा ठरवून देऊ शकतात. भरकटणाऱ्या मीटरचं काही करता येत नाही.

माणसांच्या मीटरसाठी आयएसओ १५१९७ हे स्टँडर्ड आहे. त्याच्या २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे १०० किंवा त्याहून जास्त साखर असेल तर ९५ टक्के रीडिंग प्रयोगशाळेच्या आकड्याच्या ±१५ टक्क्यांत यायला हवीत, आणि १०० च्या खाली असेल तर ±१५ मिलिग्रॅममध्ये. आधीच्या २००३ च्या आवृत्तीत ±२० टक्के चालत होते. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात २०१३ लिहिलेलं बघून घ्या. पण ही हमी माणसाच्या रक्तापुरती आहे हे विसरू नका.

आता याचा अर्थ काय होतो ते काढून बघू. ९५ टक्के रीडिंग ±१५ टक्क्यांत, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण ७.५ टक्के धरा. दोन स्वतंत्र रीडिंगमधल्या फरकाचं डेव्हिएशन त्याच्या √२ पट, म्हणजे १०.६ टक्के. त्याची दुप्पट, २१ टक्के. साखर ३०० च्या आसपास असताना सकाळ-संध्याकाळच्या आकड्यात ६० चा फरक पडला तर तो बोक्यामुळे पडला की मीटरमुळे, हे सांगता येत नाही. स्टँडर्डमध्ये जेमतेम बसणारा मीटर धरून केलेला हा हिशेब आहे, चांगला मीटर आणि एकाच डबीतल्या स्ट्रिप असतील तर फरक कमी राहतो. तरीसुद्धा "काल २७०, आज ३०५, डोस वाढवू का?" हा प्रश्न विचारण्यासारखा नाही. खालच्या बाजूला याच गोष्टीचा अर्थ उलटा होतो. मीटर ७० दाखवतो तेव्हा खरा आकडा ५५ ही असू शकतो, ८५ ही. ५५ असेल तर धोका आहे. म्हणून वर असताना घाई करायची नाही, खाली असताना वाट बघायची नाही.

स्थिरता तपासायची कशी? सोपं आहे. दुकानातून घेतलेल्या मीटरवर स्वतःच्या बोटाचा एकच थेंब घेऊन लागोपाठ तीन स्ट्रिप लावा. तीन स्ट्रिप वाया जातात खऱ्या, पण एवढ्या खर्चात मीटरचा स्वभाव कळतो. मांजराच्या रक्ताची तुलना मात्र डॉक्टरांकडेच करावी. ते शिरेतून रक्त काढतील तेव्हा त्याच ताज्या रक्ताचा थेंब लगेच मीटरला द्यायचा, आणि बाकीचं रक्त फ्लोराइडच्या, म्हणजे करड्या टोपणाच्या ट्यूबमधून लॅबला पाठवायचं. साध्या ट्यूबमध्ये ठेवलं तर रक्तपेशी ग्लुकोज खात राहतात आणि तासाला सहाएक टक्के साखर कमी होते. मग लॅबवाले आणि मीटर यांचं भांडण आपण उगाच सोडवत बसतो. कंट्रोल सोल्युशनची बाटली मिळते, तिने स्ट्रिप शाबूत आहे एवढंच कळतं. मांजराबद्दल ती काही सांगत नाही.

तीन पर्याय

पहिला, खास प्राण्यांचा मीटर. परदेशात अल्फाट्रॅक नावाचा सर्रास वापरतात. कुत्रा आणि मांजर यांचं कॅलिब्रेशन त्यात वेगवेगळं असतं. अल्फाट्रॅक २ ला रक्त फक्त ०.३ मायक्रोलिटर लागतं. आपल्याकडे तालुक्याच्या औषधाच्या दुकानात असा मीटर मिळत नाही, मागवावा लागतो, आणि स्ट्रिप महाग पडतात. मीटर एकदाच घ्यायचा असतो, स्ट्रिप कायमच्या. परीक्षेच्या आठवड्यात स्ट्रिप संपल्या आणि पार्सल कुठेतरी अडकलं, तर जगातला सगळ्यात अचूक मीटर घेऊनही आपण आंधळेच. ज्याच्या स्ट्रिप नियमित मिळण्याची खात्री आहे आणि खर्च झेपतो, त्याने हाच घ्यावा. पण त्यालाही एरर असतो, तो काही देववाणी बोलत नाही.

दुसरा, माणसाचा मीटर. कमी दाखवतो, हे वर आलंच. पण ही चूक निदान बऱ्या बाजूची आहे: साखर उतरल्याची खोटी घंटा वाजेल, खरी उतरलेली असताना गप्प बसण्याची शक्यता कमी (रक्त कमी असलेलं मांजर सोडून). स्ट्रिप कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. अनेक डॉक्टर हा पर्याय मान्य करतात, मीटर कुठला आहे ते सांगितलं की झालं.

तिसरा, दंडावर चिकटवायचा सेन्सर, सतत साखर सांगणारा. फ्रीस्टाइल लिब्रे २०१४ मध्ये युरोपात आला आणि पुढे पशुवैद्यांनी तो मांजरांच्या पाठीवर, मानेजवळ केस भादरून चिकटवायला सुरुवात केली. त्याला टोचायची कटकट नाही, रात्रीचा आलेखही मिळतो. तो रक्तातली नव्हे तर ऊतींमधल्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे काही मिनिटं मागे असतो. माणसावर दोन आठवडे टिकणारा सेन्सर मांजरावर बरेचदा त्याआधीच सुटतो. आणि आकडा फार खाली आला की मीटरने खात्री करावीच लागते. सुरुवातीला डोस बसवताना एकदा वापरायला उत्तम. आपला बोका मात्र रोज रात्री पत्र्यावर मारामाऱ्या करतो, त्याच्या अंगावर तो दोन दिवसही राहिला नसता असं माझं मत.

आपण दुसरा पर्याय घेतला. मग दुकानात उभं राहून कोणता मीटर मागायचा?

सगळ्यात आधी रक्त किती लागतं ते विचारा. मांजराच्या कानाच्या कडेला टोचल्यावर येतो तो टाचणीच्या डोक्याएवढा थेंब. १ मायक्रोलिटर म्हणजे एक मिलिमीटर बाजूचा घन. माणसाच्या बोटातून एवढं रक्त सहज येतं, मांजराच्या कानातून मोठ्या मिनतवारीने. रंग वाचणाऱ्या ॲक्यू-चेक ॲक्टिव्हला १ ते २ मायक्रोलिटर लागतं; आजोबांसाठी छान, आपल्यासाठी जास्त. ०.५ ते ०.६ वाले बरेच मिळतात. काँटूर प्लसमध्ये आणखी एक सोय आहे: रक्त कमी पडलं तर काही सेकंदांच्या आत त्याच स्ट्रिपला पुन्हा थेंब लावता येतो. हलणाऱ्या मांजरासोबत ही सोय किती मोलाची आहे हे पहिल्याच आठवड्यात कळतं.

मग एन्झाइम. ग्लुकोज ऑक्सिडेजच्या स्ट्रिपवर रक्तातल्या ऑक्सिजनचा परिणाम होतो, डिहायड्रोजिनेजच्या स्ट्रिपवर होत नाही. डिहायड्रोजिनेजमधला पीक्यूक्यू नावाचा जुना प्रकार माल्टोजलाही ग्लुकोज समजायचा. डायलिसिसच्या काही रुग्णांत त्यामुळे खोटे चढे आकडे आले, जास्त इन्सुलिन दिलं गेलं, माणसं दगावली, आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने इशारा काढला. मांजराला हा धोका सहसा नाही. पण मीटरचा आकडा खोटा चढा आला तर काय होतं याचं हे उदाहरण लक्षात राहण्यासारखं आहे.

आवाज बंद करता येतो का, तेही बघा. हसू नका. मीटरचा 'टूं' ऐकून मांजर उडी मारतं, आणि स्ट्रिप गादीखाली.

तापमान ही आपल्या भागातली खरी डोकेदुखी. स्ट्रिप ३० अंशांच्या आत ठेवा असं डबीवर लिहिलेलं असतं आणि बहुतेक मीटर १० ते ४० अंशांत चालतात. मे महिन्यात आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोल्यांत काय तापमान असतं ते तुम्हाला सांगायला नको. स्ट्रिप तळमजल्यावर, सावलीत, डबी घट्ट लावून. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढली की आत दव धरतं. माठाजवळ तर मुळीच नको. इन्सुलिन मात्र फ्रिजमध्येच, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब.

खर्चाचाही अंदाज देतो. रोज दोन इंजेक्शनं, प्रत्येकाआधी एक स्ट्रिप: महिन्याला ६०. दर पंधरा दिवसांनी एक दिवस दर दोन तासांनी साखर घेऊन बारा तासांचा आलेख काढायचा, त्याच्या सात-सात: १४. वाया जाणाऱ्या दहा. एकूण ८४. माणसांच्या मीटरची स्ट्रिप साधारण १० ते २५ रुपयांना पडते. म्हणजे महिना ८४० ते २१००. मीटर फुकट देणाऱ्या ऑफरकडे बघताना हा गुणाकार आधी करा. पन्नासच्या डबीचा भाव बघा, आणि डबी उघडल्यावर किती महिन्यांत संपवायची तेही.

टोचताना

कान आधी कोमट कापडाने शेकायचा, म्हणजे कडेची शीर फुगते. कडेला किंचित व्हॅसलीन लावलं की थेंब केसांत पसरत नाही, गोल राहतो. कानाच्या मागे कापसाची घडी धरायची, नाहीतर लान्सेट आरपार जाऊन आपलंच बोट टोचतं, आणि मग मीटर आपली साखर सांगतो. माणसांच्या अगदी बारीक, ३० किंवा ३३ गेजच्या लान्सेटपेक्षा २६ ते २८ गेजची बरी. थेंब निसटायला लागला तर स्वच्छ नखावर उचलून घ्यायचा आणि स्ट्रिप नखाला लावायची. हात धुतलेले हवेत. मेसमधून जिलबी खाऊन आलेल्या हाताने कान धरला तर आकडा जिलबीचा येतो.

आणि एक, विषयाला सोडून पण सांगितलंच पाहिजे. मांजर मलूल दिसलं म्हणून कुणी त्याला क्रोसिन किंवा कुठलीही पॅरासिटामॉलची गोळी देऊ नये. मांजराला ती पचवता येत नाही. एक गोळी जीव घेऊ शकते.

इन्सुलिनच्या सिरिंजबद्दलही असंच. आपल्याकडे ४० युनिटचं आणि १०० युनिटचं अशी दोन्ही इन्सुलिनं मिळतात. लाल टोपणाची सिरिंज ४० ची, नारिंगी टोपणाची १०० ची. १०० च्या बाटलीतलं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये एका खुणेपर्यंत भरलं तर एक नव्हे, अडीच युनिट जातं. मीटर कितीही चांगला असो, या चुकीपुढे तो काही करू शकत नाही.

मीटर बदलू नका

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे. समजा दोन महिने माणसाच्या मीटरवर बोका २२० च्या आसपास आहे आणि डॉक्टरांनी डोस त्यावर बसवला आहे. कुणीतरी हौसेने प्राण्यांचा मीटर आणून दिला. त्यावर आकडा आला २९०. बोक्याच्या शरीरात काहीच बदललेलं नाही, फक्त फूटपट्टी बदलली. पण जो मुलगा त्या दिवशी ड्यूटीवर आहे त्याला ते माहीत नाही. तो म्हणणार, साखर वाढली, डोस वाढवा. तिथून पहाटेची आकडी फार लांब नाही. उलट बदल केला, प्राण्यांच्या मीटरवरून माणसाच्या मीटरवर आलो, तर साखर उतरली असं समजून डोस चुकवला जाईल. वेगवेगळ्या कंपन्यांच्या माणसांच्या मीटरमध्येही हेच होऊ शकतं. बदलायचाच असेल तर निदान आठवडाभर दोन्ही मीटरवर एकाच थेंबाची जोडी-जोडीने रीडिंग घ्या, ग्राफ काढा, आणि तो डॉक्टरांना दाखवून मगच जुना मीटर ठेवून द्या. डोस कोणीही स्वतःच्या मनाने वाढवायचा नाही, हे वेगळं सांगत नाही.

खाणं बदललं तरी मीटरकडे जास्त लक्ष हवं. मांजर मूळचं मांसाहारी. मेसचा दूध-भात बंद करून अंडी, चिकन, मासे अशा खाण्यावर आणलं की त्याची इन्सुलिनची गरज कमी होते, काही मांजरांची तर लवकर उपचार झाल्यास पूर्णच थांबते. चांगलीच गोष्ट आहे. पण डोस तोच ठेवला तर चांगलीच गोष्ट अंगावर येते. बदल हळूहळू आणि डॉक्टरांना सांगून.

वहीत रकाने असे आहेत: तारीख, वेळ, काय आणि किती खाल्लं, मीटरचा आकडा, दिलेलं इन्सुलिन, सही. मुखपृष्ठावर मीटरचं नाव मोठ्या अक्षरात. इंजेक्शनआधी आकडा २०० च्या खाली असेल किंवा बोक्याने खाल्लं नसेल तर टोचायचं नाही, आधी फोन. ही मर्यादा डॉक्टर मॅडमनी आपल्याच मीटरसाठी आणि आपल्याच बोक्यासाठी ठरवून दिलेली आहे, दुसऱ्या कुणी उचलू नये. ६० च्या आसपास आकडा आला किंवा तो लडखडताना दिसला तर दुसरी स्ट्रिप शोधत बसायचं नाही: खात असेल तर लगेच खायला द्यायचं, नसेल तर ग्लुकॉन-डी घट्ट कालवून हिरड्यांवर चोळायचं, आणि दवाखाना. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. साखर मोजणं त्यानंतर.

दिवाळीच्या सुटीत मीटर, स्ट्रिप, वही आणि बोका, चौघेही मेसच्या मावशींच्या घरी जातात. काकांना स्वतःला डायबिटीस आहे, त्यामुळे टोचण्याबद्दल मावशींना काही शिकवावं लागलं नाही. पण त्यांच्या घरी काकांचा मीटर आहेच, आणि तो वेगळ्या कंपनीचा आहे. म्हणून बोक्याच्या मीटरवर आपण लाल सेलोटेप गुंडाळला आहे. लान्सेटचा डबाही वेगळा, त्यालाही लाल टेप.